बाबांच्या पायातील कळा आणि टेन्सचे यंत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघ्याखालचा पाय काढल्यावरही त्याच पायाच्या अंगठ्यात रात्री-अपरात्री कळा येतात, हे तुम्ही आईपासूनही लपवलेत, कारण लोक त्याला मनाचे खेळ म्हणतील अशी तुम्हाला धास्ती होती. ती आता सोडून द्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्येच या दुखण्याविषयी लिहून ठेवले आहे. तोडलेल्या नसांची टोके मज्जारज्जूकडे संदेश पाठवत राहतात आणि मेंदूतली पायाची जागाही पुसली जात नाही. त्यामुळे तुमची कळ अगदी खरी आहे.

फिजिओथेरपिस्टनी सुचवलेल्या टेन्स यंत्राबद्दल, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून नसांना सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या यंत्राबद्दल, मी बरेच वाचले. मार लागलेली जागा आपण नकळत चोळतो आणि ठणका जरा ओसरतो, कारण स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या विचारावरच हे यंत्र उभे आहे. १९६७ मध्ये वॉल आणि त्यांचे सहकारी स्वीट यांनी हा विद्युतप्रवाह आधी स्वतःच्या नसांवर घेऊन पाहिला, मगच तो रुग्णांना दिला. त्यांतील चौघांना दोन मिनिटांच्या प्रवाहानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम वाटला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तरीही फार मोठी आशा धरून बसू नका. तुमच्यासारख्या दुखण्यावर टेन्सची काटेकोर तुलना करणारी एकही यादृच्छिक चाचणी (रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात सापडली नव्हती. काहींना उतार पडतो, काहींना पडत नाही. पण शस्त्रक्रिया करून पाठीच्या कण्यात तारा बसवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सौम्य आहे, आणि नाही मानवला तर पॅड काढून ठेवता येतात, म्हणून तो आधी करून पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आई, खरी काळजी तुला घ्यायची आहे. मधुमेहामुळे बाबांच्या त्वचेला काही ठिकाणी बधिरपणा आहे. तिथे प्रवाह जास्त झाला तरी त्यांना कळणार नाही. म्हणून पॅड कुठे लावायचे हे पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच पाहून घे, आणि कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर लावता येत नसतील तर चांगल्या पायावर लावून पाहता येईल का, हेही विचार. त्या दिवशी पायाला खोबरेल तेल लावू नकोस, नाहीतर पॅड चिकटणार नाहीत. मुंग्या स्पष्ट जाणवाव्यात, पण चटका बसू नये. पॅड काढल्यावर कातडी लाल झाली आहे का, हे दिव्याखाली नीट पाहा. यंत्र चालू ठेवून बाबांना झोपू देऊ नकोस.

बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीची गोळी मात्र बंद करू नका. यंत्र लावण्यापूर्वी आणि नंतर, शून्य ते दहापैकी दुखणे किती वाटते तो आकडा वहीत लिहीत जा. रविवारी मी फोन करेन, तेव्हा ते आकडे मला वाचून दाखवा.

तुमची लेक