मालिकांच्या लेखकांचे करार

दैनंदिन मालिका घसरली की खापर लेखकावर फुटते. कामाची रीत पाहा. कथा, पटकथा आणि संवाद बहुधा तिघे वेगवेगळे लिहितात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटे उरतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की वाहिनी कथेचा ट्रॅक बदलते, मंजूर पटकथा पुन्हा लिहिली जाते आणि संवाद रात्रीतून सेटवर पोहोचवावे लागतात. त्यात एखाद्या कलाकाराच्या तारखा नसतील, तर त्याचा प्रसंग फोनवरच्या बोलण्यात उरकतो. भागांची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपली की हे रोजचेच होते.

खरी अडचण करारात आहे. मानधन भाग प्रसारित झाल्यावर, तेही अनेकदा ९० दिवसांनी मिळते. लिहून दिलेला पण रद्द झालेला भाग फुकट जातो. नव्या लेखकांनी सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मोबदला संहिता सोपवल्यावर, दोन फेरलेखनांनंतर वेगळे पैसे, रद्द भागाचे निम्मे मानधन आणि श्रेयनामावलीत नाव, ओटीटीवरही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी करावी, ती ऑनलाइन होते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला सोडून देता येत नाही. तरीही ‘सर्व हक्क कायमचे’ हे कलम करारांत सर्रास दिसते. वाहिन्यांनी ते काढून टाकावे.

– एक संवादलेखक, ठाणे