दाद मागण्याचा हक्क कुणाला?

महोदय,

अमेरिकेतील संघीय न्यायालयाची पायरी चढायची तर स्वतःचे प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. नुसती तळमळ पुरत नाही. १९९२च्या लुहान खटल्यात परदेशांतील दुर्मीळ प्राण्यांसाठी एक संघटना झगडत होती. तिच्या सदस्यांनी इजिप्त आणि श्रीलंकेत जाऊन तिथल्या मगरींसारख्या प्राण्यांचा अधिवास पाहिला होता, पुन्हा जायची इच्छाही सांगितली. पण ठोस बेत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाकारला. मग मगरींनी वकील नेमायचा का? न्यायालयांनी सरकारच्या प्रत्येक धोरणात पडू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. तरीही अशाने काही बेकायदा निर्णय कुणीच तपासत नाही.

आपल्याकडे १९७९च्या हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी एका वकील महिलेने वर्तमानपत्रातील लेखांच्या आधारे याचिका केली. १९८१च्या एस. पी. गुप्ता निकालाने दुसऱ्यांसाठी दाद मागण्याची ही वाट आणखी रुंद केली. जनहित याचिकांचा गैरवापर होतो, हे खरेच. तो करणाऱ्यांना जबर दंड करा, पण याचिकेचे दार अरुंद करू नका.

– एक वाचक, सातारा