मेंदूच्या रंगीत चित्रामागचे गणित

महोदय,

‘यंत्राने मन वाचले’ अशा थाटाच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात आणि सोबत लाल-पिवळ्या ठिपक्यांचे मेंदूचे चित्र असते. एमआरआयवरून काढलेले हे ठिपके पेशींच्या संदेशांचे नसून तेथील रक्तातल्या प्राणवायूच्या बदलाचे असतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

चेतापेशीचा संदेश एक-दोन मिलिसेकंदांत उमटून जातो. रक्तातला बदल कळसाला पोहोचेपर्यंत पाच-सहा सेकंद उलटतात. शिवाय रक्त गरजेपेक्षा जास्तच येते, त्यामुळे तेथील प्राणवायू गमावलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते. या घटीचा चुंबकीय माग काढता येतो, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. म्हैसाळ योजनेचा कालवा जतच्या टोकाला किती भरला हे पाहून पाण्याची मागणी कोणी आणि कधी नोंदवली ते ओळखावे, तसाच हा उलटा हिशेब आहे आणि तो संगणकीय प्रतिमानांवाचून, म्हणजे संगणकावर सोडवायच्या समीकरणांवाचून, जमत नाही.

या प्रतिमानांतला पेशींकडचा भाग हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या १९५२ च्या समीकरणांपर्यंत मागे जातो. माकूळ या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूवर मोजमापे घेऊन मांडलेली ही समीकरणे हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. आज ती साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटतात: विद्युतप्रवाहाचा आकडा किंचित वाढवला की सपाट रेषेवर एकाएकी टोकदार शिखरे उभी राहतात. आमच्या भागातील अकरावी-बारावीच्या मुलांना हे एकदा तरी दाखवायला हवे. रक्ताकडचा भाग, म्हणजे बारीक शिरा कशा फुगतात आणि सावकाश कशा पूर्वपदावर येतात, याचे गणित बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडले. या दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे ग्लुटामेट हे पेशींमधले संदेशवाहक रसायन, शिरा फुगवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आणि चेतापेशींभोवतीच्या साहाय्यक पेशी यांचा वाटा, अजूनही वादाचा आहे.

हा काथ्याकूट नव्हे. वाढते वय आणि उच्च रक्तदाब यांमुळे रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद बदलू शकतो. म्हणजे पेशी पूर्वीसारख्याच बोलत असल्या तरी चित्र फिके पडू शकते, आणि ‘म्हातारपणी मेंदू मंदावतो’ असा मथळा मात्र तयार होतो.

तेव्हा अशा चित्राखाली नेमके काय मोजले आणि चित्र एका व्यक्तीचे की अनेकांची सरासरी काढलेले, एवढे तरी छापावे. मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञांची वाण नाही. छापण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाला एक फोन करणे आपल्या वार्ताहरांना अवघड जाऊ नये.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, विश्रामबाग, सांगली