चौथ्या गोळीच्या आधी

ती. आप्पा आणि आई,
सा. न.

काल फोनवर आप्पांनी "बरं बरं, पाहू" म्हणून विषय मिटवला, म्हणून लिहितेय. आई, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. पुढे तुझ्याबद्दलही आहे, ते गाळू नकोस.

आप्पा, तीन गोळ्या, त्यातली एक लघवीची, सगळ्या वेळेवर घेऊनही वरचा आकडा १६० च्या खाली उतरत नाही. "आपल्या घराण्यातच बीपी आहे," असं तुम्ही म्हणता. असेल. बहुतेकांच्या बीपीला एक असं कारण सापडतच नाही. पण शंभरातल्या पाच-दहा जणांत त्यामागे दुसराच आजार दडलेला असतो, आणि तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत तो शोधावाच लागतो. जळगावच्या डॉक्टरांनी चौथी गोळी लिहिण्याआधी तपासण्या सांगितल्या, हे मला फार आवडलं. तुम्हाला तो खर्च वाटतोय.

तुमचं पोटॅशियम ३.१ आलंय, ३.५ च्या वर हवं. जन्म केळीच्या बागेत गेला, ओसरीवर घड टांगलेला, आणि पोटॅशियम कमी! लघवीच्या गोळीनं ते उतरतं, हे खरं. पण आणखी एक शक्यता आहे. दोन्ही किडन्यांच्या वर ॲड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्यांनी अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त सोडलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ मध्ये या आजाराबद्दल लिहिलं, म्हणजे तो साधारण तुमच्याच वयाचा. रक्तात अल्डोस्टेरॉन आणि किडनीतून येणारं रेनिन एकत्र बघतात. एकाच ग्रंथीत दोष निघाला तर ती ऑपरेशननं काढता येते, दोन्हींत असेल तर त्यासाठी वेगळी गोळी आहे. तपासणीआधी काही औषधं बदलावी लागतात, ते डॉक्टर सांगतील. स्वतःहून एकही बंद करायची नाही. आणि पोटॅशियम वाढवायचं म्हणून केळ्यांचा रतीब लावू नका. किडनी कमजोर असेल तर ते जास्त होऊन हृदयाला धोका होतो.

म्हणूनच क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवीतली प्रथिनं आणि किडनीची सोनोग्राफी सांगितली आहे. किडनीच आजारी असेल, किंवा तिला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली असेल, तरी बीपी चढतं. तुमच्या इतक्या वर्षांच्या बिड्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका. थायरॉईडची तपासणी त्याच रक्तात होईल.

घोरण्याचंही सांगा. गल्लीत त्यावर हसतात, पण आई म्हणते, मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो. झोपेत असा श्वास अडला की रात्रभर बीपी वर राहतं. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते ना, तीही त्यातलीच असू शकते.

आता आई. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून आणतेस ती डायक्लोफेनॅकची गोळी बीपी वाढवते, बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करते आणि किडनीलाही सोसत नाही. तुला शुगर आहे, म्हणून तर जास्तच जपायला हवं. दुखण्यावर दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. खोकल्याला रोज ज्येष्ठमध चघळतेस, तेही त्यांना सांग. त्यानंही बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, अगदी आप्पांच्या रिपोर्टसारखं. आप्पाही तुझ्या डबीतलं घेतात का, ते आधी कळव.

बिबडे-पापड करू नका असं म्हणणार नाही, ते ऐकणार कोण? पण रोज ताटात नकोत. दिवसाचं सगळं मीठ मिळून चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत.

मी शनिवारी येतेय. जुन्या फाइली आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा. सोमवारी सकाळी आपण तिघं जळगावला जाऊ. आप्पा, त्या दिवशी बागेला पाणी द्यायचं दुसऱ्या कुणाला सांगून ठेवा.

तुमची,
ताई