सईला रडू दे रे

खडकी, पुणे
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सई मॅच हरल्यावर कोपऱ्यात बसून रडली आणि तू तिला म्हणालास की रडायचं काय त्यात, मोठी झालीस आता. अरे नको ना असं बोलूस पोरीला. मला राहून राहून सिडनी आठवतंय, म्हणून पत्रच लिहायला बसलो, फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही.

२००० सालचं ऑलिम्पिक, हॉकीची मॅच. पोलंडला हरवलं की आपण सेमीफायनलला. १-० ने पुढे होतो, दोनेक मिनिटं उरली असतील आणि त्यांनी गोल मारला. १-१, खेळ खल्लास. आणि धनराज पिल्ले, ३२ वर्षांचा माणूस, तिसरं ऑलिम्पिक खेळणारा, ढसाढसा रडला. तुझे बाबा एक शब्द बोलले नाहीत, टीव्ही बंद करून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी म्हणालं का रडायचं काय त्यात म्हणून?

सईला हा माणूस कोण ते आधी सांग. तिच्या वयाची मुलं आता त्याला ओळखत नाहीत, ते मला खरंच खुपतं. आपल्या खडकीचा, जन्म १६ जुलै १९६८. घरचे तमिळ, वडील ग्राउंड्समन, पाच भावांतला हा चौथा. गरिबी एवढी की पोरगा पुढे पैसा बघेल या आशेनं नाव धनराज ठेवलं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत मऊ चिखलाच्या मैदानावर मोडक्या स्टिका आणि लोकांनी टाकून दिलेले बॉल घेऊन ही भावंडं खेळायची. मोडकी स्टिक म्हणजे काय हे तिकडच्या, जर्मनीतल्या पोरांना कळणार नाही, पण आपल्याला माहितीये ना, वाकाजवळ चीर गेली की त्यात फेव्हिकॉल भरायचा, वरून सुतळी घट्ट गुंडाळायची आणि रात्रभर आईच्या पाट्याखाली दाबून ठेवायची. सकाळी पहिला फटका मारताना पोटात गोळा यायचा, टिकते की पुन्हा तडकते. आणि तसल्या मैदानावर बॉल कधी सरळ येतच नाही, मधेच अडतो, मधेच उसळतो, त्यामुळे डोळा बॉलवरून हलवायची सोय नाही. माझं ठाम मत आहे की त्याचा तो बॉल स्टिकला चिकटवून चार जणांतून सुसाट निघायचा खेळ या चिखलानंच घडवला. आदर्श म्हणजे तेव्हाचा भारताचा हॉकीपटू मोहम्मद शाहिद, त्याच्यासारखं खेळायचं एवढंच डोक्यात.

मग ऐंशीच्या दशकात मुंबई. भाऊ रमेश तिथे आरसीएफ या खत कंपनीच्या टीमकडून खेळायचा, त्याच्याकडे गेला. पुढे महिंद्रा अँड महिंद्राच्या टीमकडे गेला, तिथे कोच जोकिम कार्व्हालोच्या हाताखाली खेळला. डिसेंबर १९८९ मध्ये इंडियाची जर्सी अंगावर आली ती २००४ पर्यंत, ३३९ मॅचेस, चार ऑलिम्पिक, चार वर्ल्डकप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियन गेम्स. ऑलिम्पिकचं मेडल मात्र एकही नाही, सुन्या. एकही नाही. हे मी अजून गिळू शकत नाही. खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली, पण ते मेडल नाहीच.

लोक म्हणतात फार तापट होता, कुणाशीही भांडायचा. होता तापट. पण ९८ चं बँकॉक आठव, हाच कॅप्टन, फायनलला कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून तब्बल ३२ वर्षांनी एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, आणि त्यानंतरच्याच सिरीजला धनराजसकट सात सिनियर प्लेयर्स टीमबाहेर. कारण काय सांगितलं तर म्हणे विश्रांती दिलीये! खेळाडूंना मिळणारा मॅचचा भत्ता, सोयी, याबद्दल हा उघड बोलला होता, आणि तेच बऱ्याच जणांना खरं कारण वाटलं, मलाही तेच वाटतं. ज्यानं सुतळी गुंडाळून स्टिक वापरलीये तो दुसऱ्याच्या भत्त्यासाठी भांडणार नाही तर कोण भांडणार? ज्या जिवानं तो भांडला त्याच जिवानं सिडनीत रडला, दोन वेगळी माणसं नव्हेत ती.

आणि अथेन्स. चौथं ऑलिम्पिक, सातव्या नंबरसाठी कोरियाशी शेवटची मॅच, जिंकत होतो आपण, आणि त्याला मैदानात पाठवलं शेवटची दोन-तीन मिनिटं. पंधरा वर्षांनंतर दोन-तीन मिनिटं. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

बरं, एक गोष्ट सईला आवर्जून सांग, हा माणूस तुमच्याच गावच्या, स्टुटगार्टच्या किकर्स क्लबकडूनही खेळून गेलाय. आणि तिला म्हणावं काकाकडे एकदा व्हिडिओ कॉल कर, मला ती मॅच तिच्या तोंडून ऐकायचीये, कुठे बॉल सुटला, कोण कुठे उभं होतं, सगळं. तू मध्ये बोलू नकोस.

वहिनी डिसेंबरात येतायत ना, त्यांच्याजवळ एक लांबट पार्सल देतोय. माझी जुनी लाकडी स्टिक आहे, सुतळीसकट. खेळायला नाही चालणार, तिच्या खोलीत राहू दे. सुतळी मात्र सोडू नका, आतलं लाकूड अजून तडकलेलंच आहे.

तुझा,
बाळ्या