ब्रेक ‘ओके’ लिहून परत दिलेल्या अग्निशमन बंबाबाबत तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
वार्षिक देखभाल कंत्राट विभाग

विषय : बंबाच्या ब्रेकच्या सदोष दुरुस्तीबाबत

महोदय,

आमच्या नगरपरिषदेचा बंब आपल्या वर्कशॉपमधून गेल्या महिन्याच्या १२ तारखेला परत आला. जॉब कार्डवर ‘ब्रेक ॲडजस्ट केले, ओके’ एवढाच शेरा होता. नवव्या दिवशी संध्याकाळी वैरणीच्या गंजीला आग लागल्याचा कॉल आला. टाकी भरलेली, म्हणजे साडेचार हजार लिटर पाणी. नाक्याच्या उतारावर पेडल तळाला गेले तरी गाडी थांबेना. चालकाने खालचा गिअर टाकून बंब रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातला, म्हणून आतले पाचजण वाचले. समोर बाजार भरलेला होता. शेतकऱ्याची गंजी मात्र जळून गेली. तिथे आम्ही पोहोचलोच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक चाकाच्या ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या) पुशरॉडवर, म्हणजे त्यातून बाहेर येणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण करून ब्रेक दाबून माप घेतले. मागच्या डाव्या चाकाचा रॉड अडीच इंच बाहेर येत होता. या टाइप ३० आकाराच्या चेंबरला दोन इंच ही हद्द आहे; रॉड त्यापेक्षा जास्त बाहेर आला की ब्रेक पुरेसा लागत नाही. स्लॅक ॲडजस्टरच्या (ब्रेकचे अंतर जुळवणाऱ्या भागाच्या) नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते. तो ॲडजस्टर स्वयंचलित आहे. तो हाताने कसला की चार दिवस ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण आतला बिघाड तसाच राहतो आणि अंतर पुन्हा वाढते. आपल्या मेकॅनिकला हे ठाऊक असायलाच हवे होते.

९ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेत बोस्टन अग्निशमन दलाची शिडीची गाडी उतारावर ब्रेक निकामी होऊन इमारतीवर आदळली आणि लेफ्टनंट केव्हिन केली यांचा मृत्यू झाला. ही घटना मी आमच्या जवानांना प्रशिक्षणात सांगत आलो आहे. आमच्याच बंबावर ती पाळी येता येता टळली.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार, साधी काळजी घेतली असती तर लक्षात आला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही दोषी ठरतात. म्हणजे माझा चालक आणि मी. आम्ही आपल्या ‘ओके’वर विसंबून गाडी बाहेर काढली. मग त्या शब्दाची जबाबदारी आपण घ्यायला नको का? पैसे घेऊन असे काम देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीच आहे.

मागचे दोन्ही ॲडजस्टर आपल्या खर्चाने बदलून द्यावेत आणि त्या दुरुस्तीचे बिल रद्द करावे. यापुढे जॉब कार्डवर ‘ओके’ चालणार नाही. प्रत्येक चाकाचे पुशरॉडचे माप, ब्रेक लायनरची जाडी आणि काम करणाऱ्याचे नाव व सही हवी. भरल्या टाकीनिशी उतारावर चाचणी आमच्या चालकासमोर व्हावी. तो ‘घेतो’ म्हणेल तेव्हाच गाडी ताब्यात घेऊ.

सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कंत्राट रद्द करण्याचा प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवीन. तोवर बंब उभा आहे आणि शहराला शेजारच्या तालुक्याच्या गाडीची वाट पाहावी लागते आहे.

आपला,
अग्निशमन अधिकारी, नगरपरिषद

सोबत : जॉब कार्डची प्रत, मापांचे फोटो, चालकाचा जबाब