फियाटच्या ब्रेकचं काम शिकवणाऱ्या मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात जुन्या फियाट अन् पद्मिनी बाळगून असलेल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. तोंडावर आभार मानले की तुम्ही "तो १४चा पाना द्या इकडं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहून मानतोय. जाहीर अशासाठी, की तुमचं सांगणं कऱ्हाड-सांगलीकडच्या गाडीवाल्यांच्याही कामी यावं.

पहिले आभार डिस्क ब्रेकची (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या ब्रेकची) घाई करू दिली नाहीत याचे. चारही चाकांना ड्रम (आतून शू दाबून थांबवायचा फिरता डबा) असलेली गाडी नीट थांबेना की जो तो "डिस्क टाका" म्हणतो. तुम्ही आधी ड्रम उतरवायला लावता. आत बहुतेक वेळा व्हील सिलिंडरचं (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर फुगलेलं आणि लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) ब्रेक ऑइलनं माखलेला निघतो. नाहीतर एका बाजूचा ड्रम लेथवर मारलेला आणि दुसरा तसाच असतो. गाडी एका अंगाला ओढायला एवढं पुरतं. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला मारायचे, मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम भंगारात टाकायचा, शू ड्रमच्या गोलाईला बसवून घ्यायचे. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलनं पुसून परत लावणाऱ्यांना तुम्ही जे ऐकवता ते इथं छापण्याजोगं नाही, पण बरोबर आहे.

हे सगळं झालं की सपाट रस्त्याला मूळ ब्रेक पुरतो. यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या उताराला नाही. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, तो शूपासून लांब सरकतो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेनं फुगते, शिवाय उघड्यावर असल्यानं लवकर निवते. पुढं डिस्क टाकायचं खरं कारण हे.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडं ऑइल ढकलणारा पंप. बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथंच, आणि तुमचं सगळ्यात जास्त ऋण याच बाबतीत. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं ताठ राहतात. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा त्या दाबाला पुरून उरतात. कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला, तशी स्प्रिंग नसते. जुनाच मास्टर ठेवून डिस्क बसवली की पॅड सतत घासत राहतात, चाकं तापतात आणि माणूस कॅलिपर जाम झाला म्हणून नवा कॅलिपर आणतो. पुढच्या लाइनला तो व्हॉल्व्ह नको, मागच्या ड्रमला हवा. म्हणूनच तुम्ही दोन कप्प्यांचा मास्टर घ्यायला लावता. शिवाय एक होज (रबरी नळी) फुटला तरी निम्मा ब्रेक हातात राहतो. जुन्या एकेरी मास्टरला एक वॉशर गळला तरी सगळंच जातं.

बोअरचा (मास्टरच्या आतल्या व्यासाचा) हिशोबही तुमच्यामुळं डोक्यात बसला. २२ मिमीऐवजी १९ मिमीचा मास्टर घेतला तर तेवढ्याच पायाच्या जोरात दाब एकतृतीयांशाहून जास्त वाढतो, पण पेडलची चालही तेवढीच वाढते. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपणहून आत ओढला जातो, पॅडला ती मदत नसते. त्यामुळं डिस्क टाकली आणि पेडल दगडासारखं झालं, अशी तक्रार येते. मग इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, आणि नळी कुठं हवा खात असेल तर आधी इंजिनाचं आयडलिंग बिघडतं. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसण्यापूर्वी ती नळी बघावी.

कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटसाठी तुम्ही मूळ स्पिंडलला (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याला) कटर लावू दिला नाहीत, वेल्डिंगही नाही. १० मिमीची प्लेट, १०.९ ग्रेडचे बोल्ट, आणि जुने भाग तेल लावून पेटीत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूप राखलेलं असेल तरच. त्यामुळं सगळं परत जागच्या जागी बसवता येणं मोलाचं. डिस्क हबवर चढवली की डायल गेज लावून बघायचं. ०.१ मिमीपेक्षा जास्त थरथर असेल तर डिस्कला दोष देण्याआधी हबचा गंज खरवडायचा. रिम आणि कॅलिपरमध्ये निदान ३-४ मिमी जागा हवी. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून होज टायरला लागत नाही ना, हे चाक खाली लोंबकळत असताना आणि गाडी टेकल्यावर, दोन्ही वेळा बघायचं.

कॅलिपर डावा-उजवा उलटा बसला की निपल (हवा काढायचं तोंड) खाली जातं आणि हवा वर अडकून राहते. मग कितीही एअर काढा, पेडल मऊच. डोळ्यांसमोर असून न दिसणारी ही चूक तुम्ही लांबूनच ओळखता! एअर काढायची ती मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडं डाव्या मागच्या चाकापासून. लाइन नुसत्या तांब्याची नको, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.

पुढं जोर वाढल्यावर कच्चकन ब्रेक मारला की वजन पुढं झुकतं, मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी शेपूट टाकते. मागच्या लाइनला तिथला दाब कमी राखणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून ओल्या, मोकळ्या रस्त्यावर पुढची चाकं आधी धरतील असा तो जुळवायचा. लोक यावर पैसे वाचवतात. तुम्ही वाचवू देत नाही, आणि बिल वाढलं म्हणून आम्ही जी कुरकुर केली ती इथं मागं घेतो.

नवे पॅड रुळवायला ब्रेक मारून गाडी ताशी ६० किमीवरून २०वर आणायची, आठ-दहा वेळा, मध्ये निवायला वेळ देत. गरम असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवायची नाही. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, दर दोन वर्षांनी नवं. ताजं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५पर्यंत उतरते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. घाटात ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला टेकतं.

जूनच्या आत सगळ्या गाड्यांचं ऑइल बदलून घ्यायचं ठरलंय. डबे सीलबंदच आणू, फोडलेले तुम्ही घेत नाही हे माहीत आहे. वेळ तेवढी कळवा.

आपले,
साताऱ्यातले फियाटवाले